भुलीच्या दोन तऱ्हा

आमचा धंदा बोलण्याचा. सत्तावीस वर्षे आम्ही महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलो आहो. त, थ, द, ध, न यांना दंत्य वर्ण का म्हणावयाचे आणि मराठी मुलाची जीभ इंग्रजी उच्चारांपाशी नेमकी कोठे अडखळते, हे फळ्यावर दातांचे चित्र काढून समजावून देण्यात आमचे कित्येक तास खर्ची पडले आहेत. परंतु ज्या बत्तीस सेवकांच्या जिवावर हा सारा व्यवहार चालला होता, त्यांची विचारपूस करावी असे आम्हांस एकदाही सुचले नाही. दात घासताना रक्त येई. आम्ही चूळ भरून ते विसरत असू. गेल्या पावसाळ्यात एका तासाला बोलत असता वरचा पुढचा एक दात जिभेच्या टोकाशी किंचित हलला. कोणाला दिसले नाही, कोणाला ऐकू आले नाही. पण आमच्या पोटात मात्र धस्स झाले. आमचे वडील शाळामास्तर होते. पन्नाशीतच त्यांचे दात गेले, आणि ज्या तोंडाने त्यांनी तीन पिढ्यांना बाराखडी शिकविली, त्या तोंडाला शेवटी स्वतःच्या थोरल्या भावाचे नाव धड उच्चारता येईना. तेव्हा भीती वाटली ती दुखण्याची नव्हे. ती वारशाची होती.

वर्ध्याभोवतीच्या बोरगाव, सिंदी, सावंगी इत्यादी गावांच्या नावांपुढे कंसात 'मेघे' हे उपपद लागते, हे या भागातील वाचकांस ठाऊक असेलच. त्यांपैकी सावंगी (मेघे) हे गाव आज वैद्यकीचे माहेरघर झाले आहे. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय तेथलेच, आणि शरद पवार दंत महाविद्यालयही तेथेच. एका सकाळी आम्ही तेथे गेलो. पत्नी बरोबर आली खरी, पण दंतविभागाच्या दारापाशी येताच, "तुम्ही जाऊन या, मी बाहेर बसते," असे म्हणून ती झाडाखालच्या बाकावर बसली. त्या वेळी आम्ही त्याचा विशेष विचार केला नाही. आपल्याच दाताची काळजी करणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या दातांकडे पाहण्यास सवड कोठून असणार?

आत आमच्या मुलीच्या वयाच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी एक बारीक, खुणा केलेली सळई हिरडी आणि दात यांच्या सांध्यात घालून मोजणी सुरू केली, आणि शेजारचा विद्यार्थी आकडे लिहू लागला : तीन, दोन, तीन, पाच, सहा, पाच. आयुष्यभर आम्ही मुलांना गुण दिले. येथे आमच्या एकेका दाताला गुण मिळत होते, आणि अधिक गुण म्हणजे अधिक नापास असा उलटा हिशेब होता. निरोगी हिरडीची खाच तीन मिलिमीटरांपर्यंत असते. आमच्या काही खाचा सहापर्यंत गेल्या होत्या. दातांवर जंतूंचा जो थर बसतो तो लाळेतील क्षारांनी घट्ट होऊन त्याचे कीटण बनते. ते हिरडीखाली उतरले म्हणजे हिरडी दाताला सोडू लागते, आणि मागोमाग हाडही झिजते. ज्याला घरोघर पायोरिया म्हणतात ते हेच. उपाय एवढाच की खाचेत उतरून मुळावरचे कीटण खरवडून काढावयाचे. हिरडी न उघडता ते काम बव्हंशी हाताच्या स्पर्शावर चालते. साध्या सफाईहून ही सफाई खोल, म्हणून ती दुखते, आणि म्हणून ती जागा आधी बधिर करावी लागते.

एवढे सांगून त्यांनी विचारले, "सर, सुई टोचून बधिर करू, की खाचेत जेल भरून?"

आम्ही क्षणभर गोंधळलो. इतक्या वर्षांत अनेक वैद्यांनी आमच्यावर उपचार केले. परंतु आपणांस वेदना कोणत्या मार्गाने कमी झालेली आवडेल, असे विचारणारे कोणी भेटले नव्हते. बाईंनी दोन्ही बाजू मोकळेपणाने मांडल्या. सुईने दिलेले लिग्नोकेन खोलवर आणि खात्रीने काम करते, परंतु टोचणे चुकत नाही, आणि ओठ-गाल कित्येक तास जड राहतात. जेलमध्ये लिग्नोकेन व प्रिलोकेन ही दोन औषधे असतात. ते बोथट नळीने खाचेत सोडावयाचे, सुईचे कामच नाही. पण त्याचा अंमल वरवरचा आणि अल्पकाळ टिकणारा, आणि फार खोल जागी ते कदाचित पुरेसे पडणार नाही. सफाई दोन खेपांत व्हावयाची होती. तेव्हा आम्ही प्राध्यापकी थाटात उत्तर दिले, "उजव्या बाजूला सुई द्या, डाव्या बाजूला जेल भरा. दोहोंची तुलना होऊ द्या." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "संशोधनातही असेच करतात, सर. तोंडाचे दोन भाग करतात. म्हणजे माणूस तोच राहतो आणि औषध तेवढे बदलते."

खेप आठ दिवसांनी होती. मधल्या काळात आम्ही आमच्या स्वभावाप्रमाणे पुस्तके उलटली. भुलीच्या शास्त्रावर दंतवैद्यांचे ऋण किती मोठे आहे, हे पाहून आश्चर्य वाटले. १८४४ साली हसविणारा वायू हुंगून स्वतःचा दात काढवून घेणारा होरेस वेल्स हा दंतवैद्य. १८४६ साली बोस्टन येथे ईथरचा प्रयोग जगापुढे करून दाखविणारा मॉर्टन हाही दंतवैद्यच. या भुली सबंध माणसाला झोपवीत. नुसता एक अवयव बधिर करण्याची विद्या त्यानंतरची. कोकेन शुद्ध रूपात १८६० साली हाती आले, परंतु त्याने डोळा बधिर करून शस्त्रक्रिया करता येते हे व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने दाखविण्यास १८८४ साल उजाडावे लागले. त्याच सुमारास अमेरिकेतील हॉल्स्टेड या शल्यवैद्याने जबड्याच्या मज्जातंतूपाशी कोकेन टोचून खालचे दात बधिर करण्याची रीत काढली, आणि स्वतःवर प्रयोग करता करता तो त्या विषाच्या आहारी गेला. पुढे आइनहॉर्नचे नोव्होकेन आले, आणि १९४३ साली स्वीडनमध्ये लॉफग्रेन व लुंडक्विस्ट यांनी लिग्नोकेन सिद्ध केले. त्याची कुळकथा मोठी मौजेची आहे. तेथल्याच एका रसायनशास्त्रज्ञाने पूर्वी एक वेगळाच पदार्थ बनवून सहज जिभेला लावून पाहिला, तो जीभ बधिर झाली. तो धागा धरून हे औषध निघाले. आमच्या आजीने दाढदुखीवर अक्कलकाढ्याचे बोंड चघळावयास दिले म्हणजे आमचीही जीभ अशीच बधिर होई. पण तिने अथवा आम्ही तेवढ्यावरून पुढचा प्रश्न विचारला नाही, एवढाच काय तो फरक!

वाचता वाचता एक शंकाही मनात डोकावली. सेवाग्राम आणि पवनार ज्या मातीत आहेत त्या मातीत राहून, दातांची सफाई दुखू नये म्हणून इतकी चौकशी करणे हे नाजूकपणाचे लक्षण तर नव्हे? पण निसर्गोपचारावर एवढी श्रद्धा ठेवणाऱ्या गांधीजींनीही जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया भूल घेऊनच करवून घेतली होती. अटळ दुःख शांतपणे सोसणे हा गुण खरा. टाळता येण्याजोगे दुःख उगाच सोसणे हा गुण नव्हे. आणि दुसरे असे की, दुखण्याच्या भीतीने जो खुर्चीवर बसतच नाही, त्याची सहनशीलता त्याचे दात कसे वाचविणार?

पहिली खेप उजव्या बाजूची. जागा आधी औषध लावून जरा मंद केली होती, तरी खालच्या दाढेमागे सुई शिरली तेव्हा ती कळलीच. मात्र औषध अगदी सावकाश सोडल्यामुळे ताण फारसा जाणवला नाही. टाळूला दिलेली सुई मात्र झोंबली. तेथे कातडी हाडाला घट्ट चिकटलेली, औषधाला पसरण्यास जागा नाही. लिग्नोकेनचे प्रमाण २ टक्के, आणि त्यात ८०,००० भागांस १ भाग अॅड्रेनलिन. या अॅड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि औषध जागच्या जागी अधिक वेळ टिकते. त्याचा प्रसाद म्हणून क्षणभर छातीही धडधडली. मग पाच-सात मिनिटांत अर्धा ओठ दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसा झाला. पुढे पाऊण तास यंत्र घरघरत होते, पाणी उडत होते, आकड्यांचा खरखराट कवटीत घुमत होता. वेदना मात्र नाही. घरात चोर शिरून कपाटे उलथीपालथी करीत आहेत आणि आपण शेजारच्या खोलीत स्वस्थ बसून ऐकत आहो, अशी ती अवस्था होती.

शिक्षा मिळाली ती नंतर. त्या दिवशी दुपारी एक तास घेण्याचे आम्ही अविचाराने कबूल केले होते. वर्गात उभे राहिलो आणि ध्यानात आले की दंत्य वर्ण शाबूत आहेत, पण ओष्ठ्य वर्णांनी संप पुकारला आहे! प, फ, ब, भ, म यांपैकी एकही धड बाहेर पडेना. मिल्टन आणि पोप हे दोन्ही कवी त्या दिवशी आमच्या तोंडून जे रूप घेऊन बाहेर आले, ते त्यांच्या मातांनीही ओळखले नसते. मुलांनी सभ्यपणे खाली माना घातल्या, पण पाठमोरे हसू आम्हांस ऐकू येत होते. घरी चहा पिताना तो हनुवटीवरून सदऱ्यावर केव्हा उतरला ते कळले नाही. ओठ पूर्ववत होण्यास साडेतीन तास लागले.

दुसरी खेप डाव्या बाजूची, जेलची. या औषधात एक सुंदर गंमत आहे. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन हे दोन्ही निरनिराळे घेतले तर घन पदार्थ. समप्रमाणात एकत्र आणले की एकमेकांच्या संगतीने दोघेही वितळून तेलासारखे होतात. दातांसाठी खास बनविलेल्या प्रकारात आणखी अशी योजना असते की, ते बाहेर पातळ राहावे आणि तोंडातील उष्णतेने खाचेत घट्ट व्हावे, म्हणजे ते वाहून जात नाही. नळी लागली, थोडी कडवट चव आली, अर्धा मिनिट थांबून काम सुरू झाले. बहुतेक दातांशी नुसता दाब जाणवला. परंतु मागच्या दाढेच्या सहा मिलिमीटरांच्या खाचेत हत्यार शिरले तेव्हा एक तीव्र, थंड कळ कानापर्यंत गेली. आम्ही ठरल्याप्रमाणे डावा हात वर केला. काम तत्काळ थांबले, पुन्हा जेल भरले गेले, आणि पुढचे निभावले. जेलचा अंमल वीसेक मिनिटांचा, म्हणून ते मधून मधून भरावेच लागले. पण खुर्चीवरून उतरलो तो ओठ आमचा आम्हांपाशीच होता, आणि आम्ही बाईंचे आभार पाचही ओष्ठ्य वर्ण वापरून मानले.

प्रत्येक खेपेनंतर त्यांनी आमच्यापुढे एक कागद ठेवला होता. त्यावर बरोबर दहा सेंटिमीटरांची एक आडवी रेघ. एका टोकाला 'मुळीच वेदना नाही', दुसऱ्या टोकाला 'कल्पनेतील पराकाष्ठेची वेदना'. आपणांस वाटेल तेथे खूण करावयाची. आम्ही तुलनेचे व्रत घेतलेच होते, तेव्हा बारकाईने खुणा केल्या. सुईच्या बाजूस टोचण्याची खूण तीन सेंटिमीटरांवर, सफाईची अर्ध्यावर. जेलच्या बाजूस भरण्याची शून्यावर, सफाईची अडीचवर. घरी येऊन बेरीज केली तेव्हा दोन्हीकडे फरक एका सेंटिमीटराचा! सुईने सारे दुःख आधी एकरकमी घेतले होते, जेलने ते हप्त्याहप्त्याने वसूल केले. ज्याच्या खाचा उथळ, ज्याला सुईचे भय, ज्याला संध्याकाळी व्याख्यान द्यावयाचे आहे, त्याने जेल घ्यावे. ज्याच्या खाचा खोल, त्याने सुई सोसावी. जर्मनीत १९७६ पासून वापरात असलेले आर्टिकेन हाडातून अधिक चांगले झिरपते, म्हणून तेही कित्येक दंतवैद्य पसंत करतात. असा नीटनेटका निष्कर्ष काढून आम्ही तो रात्री जेवताना पत्नीस ऐकविला. त्यामागे आमचा हेतूही होता. तिला आठ वर्षांपासून मधुमेह आहे. हिरड्यांचे दुखणे साखर वाढविते आणि वाढलेली साखर हिरड्यांचे दुखणे वाढविते, हे तिच्या वैद्यांनी तिला अनेकदा सांगितले होते. तरी ती दातांच्या डॉक्टरांकडे जात नव्हती. ती सुईला भीत असणार, असे आम्ही गृहीत धरले होते. म्हणून जेलची थोरवी आम्ही जरा तिखटमीठ लावूनच वर्णन केली.

तिने सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली, "अहो, मी रोज आपल्या हाताने पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेते. मला सुईचे काय भय?"

आमची सारी मीमांसा त्या एका वाक्याने भुईसपाट झाली. वीस वर्षे ज्या माणसाबरोबर जेवलो, त्याच्या ताटाशेजारची सुई आम्हांस दिसली नव्हती!

मग तिने विचारले, "तुम्ही हात वर केलात, तेव्हा त्या थांबल्या का?"

"थांबल्या."

"लगेच?"

"लगेच."

ती काही वेळ गप्प बसली. मग तिने जे सांगितले ते आम्हांस अंधुक ठाऊक होते, पण आम्ही ते कधी नीट ऐकून घेतले नव्हते. अनेक वर्षांपूर्वी, आम्ही दुसऱ्या एका गावी असता, तिची एक सुजलेली दाढ काढावयाची होती. इंजेक्शन दिले गेले, आणि तरीही तिला कळा आल्या. तिने तसे सांगितले. उत्तर मिळाले : इंजेक्शन दिले आहे, दुखणे शक्यच नाही, बाईमाणसे घाबरतात. तोंड उघडे, त्यात हत्यार, वर तेजस्वी दिवा, बोलणार कशाने? दाढ निघाली. बाहेर बाकावर आम्हीच बसलो होतो. ती रडत बाहेर आली तेव्हा आम्ही काय म्हणालो होतो, तेही तिने सांगितले. आम्ही म्हणालो होतो, "झाले ना आता? एवढे काय त्यात!"

ते वाक्य आमचेच आहे, हे नाकारण्याची सोय नव्हती.

त्या रात्री आम्हांस फॅनी बर्नीची आठवण झाली. या इंग्रज कादंबरीकर्त्रीवर १८११ साली पॅरिस येथे स्तनाची शस्त्रक्रिया झाली. भूल तेव्हा युरोपात प्रचारात आली नव्हती. पुढे तिने बहिणीला एक दीर्घ पत्र लिहून तो प्रसंग वर्णिला. ते लिहिण्यास तिला कित्येक महिने लागले. आम्ही हे पत्र वर्गात अनेकदा शिकविले आहे, आणि वेदनेचा खरा साक्षीदार तो भोगणाराच, असे मोठ्या आवेशाने सांगितले आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या परदेशी बाईची साक्ष आम्ही मानली. घरातल्या बाईची मानली नाही.

पुढच्या भेटीत आम्ही ही हकीगत, कोणाचेही नाव न घेता, डॉक्टरीणबाईंस सांगितली. त्या म्हणाल्या, "त्यांना खरेच दुखले असणार, सर." आणि त्यांनी कारण समजावले. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमच्या कणांना आत घेणारी सूक्ष्म द्वारे असतात. ती उघडली म्हणजे वेदनेची वर्दी पुढे जाते. लिग्नोकेन ती द्वारे आतून अडविते. परंतु त्यासाठी त्याला आधी आवरण ओलांडून आत शिरावे लागते, आणि विद्युद्भाररहित असेल तेवढाच औषधाचा भाग ते ओलांडू शकतो. सुजलेल्या, पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, आणि त्या आम्लतेत औषधाचा मोठा भाग भारित होऊन बाहेरच अडकून पडतो. म्हणून जेथे भुलीची गरज सर्वांत अधिक, तेथेच ती फसण्याचा संभव अधिक. शिवाय खालच्या जबड्याचा मज्जातंतू दृष्टीआड असल्याने सुईचा नेम कधीकधी चुकतोही. "म्हणून औषध दिले एवढ्यावर आम्ही थांबत नाही," त्या म्हणाल्या, "विचारतो. तो रेघेचा कागद त्यासाठीच असतो."

आम्ही घरी येऊन हे पत्नीस सांगितले. आम्लता, भार, आवरण यांत तिला फारसे स्वारस्य दिसले नाही. "म्हणजे माझे खरे होते तर," एवढेच ती म्हणाली, आणि उठून चुलीकडे गेली. पण त्या एवढ्याशा वाक्यात किती वर्षांचे ओझे उतरले, ते तिच्या पाठमोऱ्या चालीवरून आम्हांस दिसले. आमचे शास्त्र तिच्या बाजूने साक्ष द्यावयास वीस वर्षे उशिरा आले होते. आमची साक्ष तर त्याहूनही उशिरा आली होती.

पुढच्या आठवड्यात ती स्वतःहून सावंगीस निघाली. बाईंनी तिची साखर तपासलेली आहे ना, न्याहारी व औषध वेळेवर झाले आहे ना, हे आधी विचारून घेतले आणि मग तोच प्रश्न केला : सुई की जेल? तिने सुई निवडली. आमच्या सगळ्या तुलनेचा तिला उपयोग झाला नाही असे म्हणवत नाही. पण तिने निवड केली ती आमच्या सेंटिमीटरांवरून नव्हे. या वेळी बाहेरच्या बाकावर न बसता आम्ही परवानगी घेऊन आत, तिच्या पायांशी उभे राहिलो.

जागा बधिर झाली, दिवा तोंडावर आला, यंत्र सुरू झाले. आणि पुरते अर्धे मिनिटही झाले नसेल, तोच तिचा डावा हात वर गेला. यंत्र थांबले. दिवा बाजूला झाला.

"दुखले का, काकू?" बाईंनी काळजीने विचारले.

तिने जड ओठांनी सावकाश उत्तर दिले, "नाही. थांबता की नाही, ते पाहिले."

बाई हसल्या. ती पुन्हा मागे रेलली आणि तिने आपणहून तोंड उघडले. त्यानंतर पाऊण तासात तो हात एकदाही वर आला नाही.